कुलसुमबीची पोस्त

कोल्हापूर, शुक्रवार पेठ
आश्विन वद्य ४, शके १८३२ (सन १९१०)

आत्याबाई,

पायांवर डोकं ठेवते. मनानंच ठेवते, कारण सातवा महिना संपत आला आणि आता वाकायची सोय राहिलेली नाही. तुम्ही वन्संच्या बाळंतपणासाठी अथणीला गेलात त्याला अठरा दिवस झाले. घर ठीक आहे, मांजर ठीक आहे, तुमचे चिरंजीवही ठीक आहेत. शाहूपुरीतल्या पेढीवरून घरी येतात आणि उंबऱ्यातूनच "आईचं पत्र?" असं विचारतात. मी घरात आहे का, हे विचारत नाहीत.

आता माझी अडचण. दिवाळी तोंडावर आली आणि पोस्त कुणाला काय द्यायची हे मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी दिवाळसणाला मी निपाणीला वडिलांकडे होते, त्यामुळे या घरातली दिवाळी मी पाहिलेलीच नाही. घेणाऱ्यांना मात्र सगळं तोंडपाठ आहे. तानाबाई भांडी घासताना रोज एक गोष्ट सांगते आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी कुणाला तरी लुगडं दिलेलं असतं. न्हावी आठवड्यात तीनदा येऊन गेला. यांच्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. टपालवाला तर पत्र नसलं तरी दारात थांबतो आणि "आज पत्र न्हाय बरं का, वैनी" असं सांगून जातो.

यांना विचारलं तर म्हणाले, "पोस्त आई देते. मी फक्त गूळ विकतो." तेव्हा तुम्हीच लिहा. मी सहावीपर्यंत शिकले, पण आमच्या शाळेत हा धडा नव्हता.

वन्संना जपा. गाडीचे हेलकावे नकोत म्हणून वैद्यांनी त्यांना माहेरी येऊ दिलं नाही हे बरंच झालं, पण त्यामुळे तुम्ही तिकडे आणि मी इकडे. माझ्या दिवसांपर्यंत याल ना?

तुमची,
निर्मला


अथणी
आश्विन वद्य ८

निर्मला,

तुला आशीर्वाद, पोटातल्याला वेगळा. हे पत्र मी सांगते आहे आणि इथल्या मराठी शाळेचे जोतीराम मास्तर लिहून घेत आहेत. ते माझं बोलणं शुद्ध करून लिहितात, म्हणून वाचताना सासू बोलते आहे असं तुला वाटणार नाही. रागवले असेन तिथे मात्र मीच बोलते आहे असं समज.

नीट ऐक. तानाबाईला लुगडं द्यायचं, पण हिरवं नको. दोन वर्षांमागे हिरवं दिलं तर तिनं मला वर्षभर ऐकवलं. न्हाव्याला धोतर, आणि त्याच्या बायकोला रव्याचे लाडू जास्त घाल, ती लेकुरवाळी आहे. परटाला पटका. पेढीवरच्या बाळासो हमालाला तुझ्या नवऱ्याच्या हातून दे, तुझ्या हातून नको, तो लाजून घेत नाही. टपालवाल्याला फराळ आणि चार आणे, आणि त्याला सांग की पत्र नसेल तर न सांगितलं तरी कळतं.

आणि कुलसुमबी. ती पाडव्याला येईल. तिला बोलवावं लागत नाही. तुझ्या नवऱ्याला आणि तुझ्या वन्संना, बसव्वाला, तिनंच या जगात आणलं, आणि तुझं बाळंतपणही तीच करणार आहे. तिच्यासाठी इरकली लुगडं मी निघण्याआधीच आणून कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आहे. ते दे, फराळ दे, चार शब्द बोल.

मास्तर म्हणतात कागद संपला. कागद संपला म्हणून मी काही विसरत नाही, पण असो. मी येईन तुझ्या दिवसांना. बसव्वा मोकळी झाली की निघाले.

मल्लव्वा


कोल्हापूर
कार्तिक शुद्ध ३

आत्याबाई,

दिवाळी पार पडली आणि तुमच्या सुनेचं नाक वर राहिलं! तानाबाईला जांभळं लुगडं दिलं. तिनं ते उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि "बरं हाय की" म्हणाली. यांच्या मते हे तिचं आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक आहे. टपालवाला चार आणे घेऊन गेला आणि तेव्हापासून खरोखरच पत्र नसेल तर येत नाही.

तुम्ही लिहिलंत त्याहून थोडं अधिकच दिलं मी सगळ्यांना. माझे वडील म्हणतात, देताना हात आखडला की दिल्यासारखं होत नाही. कुलसुमबीला लुगडं आणि फराळ दिला आणि वर माझ्याजवळचे दोन रुपये तिच्या मुठीत ठेवले. तीही एका फडक्यातून काहीतरी द्यायला काढत होती. मी घेतलं नाही. गोड शब्दांत परत केलं. एवढी गरीब बाई, साठी उलटून गेलेली, तिच्याकडून आपण काय घ्यायचं? आत्याबाई, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

जाताना लुगडं मात्र पायरीवरच विसरून गेली. वय झालं. मी तानाबाईच्या हाती लगेच पाठवून दिलं.

वन्सं कशा आहेत? माझे पाय सुजतात, बाकी काही नाही.

निर्मला


अथणी
कार्तिक शुद्ध ७

निर्मला,

बसव्वाला मुलगा झाला. परवा. ती अशक्त आहे, अंगात ताप आहे. हे पहिलं.

दुसरं. कुलसुमबीच्या डोळ्यांत पाणी? मी त्या बाईला तुझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून ओळखते. बसव्वाच्या वेळी नाळ गळ्याभोवती होती, आम्ही सगळ्या रडत होतो आणि ती आम्हाला "गप बसा गं" म्हणून ओरडत होती. तिचा नवरा गेला तेव्हा तिनं डोळे पुसलेले मी पाहिले नाहीत. दोन रुपयांनी तिला पाणी येईल? आणि लुगडं विसरली म्हणतेस! पंधरा वर्षांपूर्वी कुठल्या घरात कुठलं पोर पायाळू झालं ते ती सांगते. ती नवं लुगडं विसरत नसते.

गोड शब्द म्हणजे कुठले? मला गोड शब्दांची फार भीती वाटते. तू काय म्हणालीस ते शब्दाला शब्द लिही. मास्तरांसमोर वाचायचं आहे म्हणून लाजू नकोस, ते फार ऐकून आहेत.

मल्लव्वा


कोल्हापूर
कार्तिक शुद्ध ११

आत्याबाई,

लिहिते. पण आधी हे लिहिते की माझ्या मनात काही वाईट नव्हतं.

ती पाडव्याला दुपारी आली. फडक्यात काळे दोरे होते, हातानं पीळ घातलेले, तीन. एक मोठा, एक मधला, एक अगदी एवढासा. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "राहू दे मावशी. या घरातून तू न्यायचं, आणायचं काही नाही. हे दोरे घरी ने आणि तुझ्या नातवंडांना बांध." एवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलं, दोरे पुन्हा फडक्यात बांधले आणि गेली.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. तानाबाईनं लुगडं नेऊन दिलं होतं ते दुसऱ्या दिवशी परत आलं. घडी मोडलेली नव्हती. त्यातच माझे दोन रुपये होते. तानाबाईला ती एवढंच म्हणाली, "सूनबाईस्नी सांग, माझं भागतंय." मला वाटलं, म्हातारी मानी आहे, चार दिवसांनी येईल. तेव्हापासून ती आलेली नाही. सातव्यानंतर दर सोमवारी येऊन पोट बघेन म्हणाली होती. सोमवार गेला आणि ती आली नाही.

तुमचे चिरंजीव जेवताना डाव्या हाताचं मनगट चोळतात. त्यांच्या हातात जुना काळा दोरा असायचा, तो मला देवाचा वाटला होता. भाऊबीजेला तुटून पडला. काल मी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही, मोकळं मोकळं वाटतंय."

त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून धोंडुबाई म्हणून दुसऱ्या सुइणीला बोलावलं. तिनं माझ्या पोटाला हात लावण्याआधी विचारलं की मुलगा झाला तर काय आणि मुलगी झाली तर काय मिळेल. मी तिला चहा देऊन वाटेला लावलं.

आत्याबाई, माझी आई धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणातच गेली. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि दाराबाहेर बसून होते. मला भीती वाटते. कुलसुमबीचा हात पोटावर असला की वाटत नव्हती. मी काय केलं, ते मला सांगा.

निर्मला


अथणी
कार्तिक वद्य १

निर्मला, माझे बाई,

आधी भीती. तुझी आई गेली ते तुझ्या वाट्याला यायचं नाही. पुढचं ऐक.

कुलसुमबीला नातवंडं नाहीत. मूलच नाही तर नातवंडं कुठली? तिची तीन झाली आणि तिन्ही गेली. तिसरं गेलं तेव्हा मला चनबसाप्पाचे दिवस भरले होते. माझी त्याच्या आधीची दोन गेलेली, हे तुला ठाऊक आहे. पेठेतल्या बायका म्हणाल्या, आता हिला बोलावू नका, हिचा हात लागला तर हेही जाईल. माझ्या सासूबाईही तेच म्हणाल्या. पण दुसरी मिळाली नाही आणि तीच आली. महिनाही झाला नव्हता तिचं पोर जाऊन. तिनं तुझ्या नवऱ्याला हातात घेतलं, पुसलं, आणि आपल्या पदराचे दोरे उसवून त्यांचा पीळ करून त्याच्या मनगटाला बांधला. म्हणाली, "ह्यो माझा बी हाय. ऱ्हातंय बघ." आणि तो राहिला.

तेव्हापासून ती दर पाडव्याला येते. जी पोरं तिच्या हातून आली आणि जगली, त्यांना नवा दोरा बांधते. तुझा नवरा मिशा फुटल्यावर लाजायचा, तरी हात पुढे करायचा. तिनं या वर्षी तीन आणले, म्हणजे तुझाही आणि तुझ्या पोटातल्याचाही. तो एवढासा दोरा तिनं जन्माआधीच वळला होता. आणि तू तिला म्हणालीस की तुझ्या नातवंडांना बांध.

जिवाला लावून घेऊ नकोस. तुला कुणी सांगितलं होतं? मी यादीत धोतरं लिहिली, लाडू लिहिले, आणि हे लिहिलं नाही. रोजच्या सवयीचं असतं ते लिहावं लागतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. अर्धी चूक माझ्या नावावर घाल.

आता काय करायचं ते सांगते. तिच्या घरी जा. गंगावेशीच्या अलीकडे, तानाबाईला ठाऊक आहे. सावकाश चाल. काही घेऊन जाऊ नकोस. लाडू नको, लुगडं नको, पैसा तर मुळीच नको. माफी मागताना शाळेतल्यासारखं भाषण करू नकोस. रिकाम्या हातानं जा आणि तिच्याकडे माग.

बसव्वाचा ताप उतरत नाही. एक दिवस उतरतो, दुसऱ्या दिवशी चढतो. तिला टाकून मला येता यायचं नाही, तुझ्या दिवसांपर्यंतही कदाचित नाही. म्हणून जा. आज पत्र मिळालं तर उद्या जा.

मल्लव्वा


कोल्हापूर
कार्तिक वद्य ८

आत्याबाई,

गेले होते. पत्र दुपारी मिळालं, दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. तानाबाईनं वाटेत तीनदा बसवलं आणि तीनही वेळा मला तिच्या स्वतःच्या बाळंतपणांच्या हकिकती सांगितल्या, त्यानं काही धीर आला नाही.

कुलसुमबी अंगणात शेवया वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "काय विसरलंय काय तुमचं आमच्याकडं?"

मी घरून बरंच जुळवून आणलं होतं. एक शब्द आठवला नाही. म्हटलं, "व्हय. माझा दोरा."

"तुला कशाला पायजे? शिकलेली हाईस."

"शिकलेय, पण मला कुणी सांगितलं नव्हतं, मावशी. आता आत्याबाईंनी पत्रातून सांगितलं. मला माहीत असतं तर तसं बोलण्याआधी माझी जीभ झडली असती." आणि मी रडायला लागले. भाषण करायचं नाही म्हणालात, रडायचं नाही असं म्हणाला नव्हतात.

ती उठली. पीठ लागलेले हात झटकले आणि माझ्यावर ओरडली, "अगं, ह्या दिसांत रडत्यात व्हय? प्वार किरकिरं हुतंय! आणि चालत आलीस एवढी? टांगा मेलाय काय चन्नाचा?" मग तानाबाईवर ओरडली, मग शेळीवर. ओरडता ओरडताच आत गेली, एक पत्र्याची डबी घेऊन आली आणि माझं मनगट ओढून दोरा बांधला. घट्ट बांधला, अजून वळ आहे. यांचा माझ्याजवळ दिला. लहानगा मात्र परत डबीत ठेवला. म्हणाली, "ह्यो मी बांधीन. तू न्हाय."

मग तिथेच खांबाला टेकवून पोट बघितलं. डोकं अजून खाली फिरायचंय म्हणते, बाकी सगळं झ्याक आहे म्हणते. दर सोमवारी येणार आहे.

आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही म्हणालात तिच्याकडे माग. मला तहान लागली होती. मी पाणी मागितलं. ती थांबली आणि तानाबाईकडे पाहू लागली. तानाबाई शेळीकडे पाहत होती, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग कुलसुमबीनं तांब्या राखेनं घासला, पुन्हा घासला, आणि पाणी दिलं. मी प्याले. चुकलं असेल तर तुम्ही रागवा, पण लिहायचं टाळणार नव्हते.

घरी आल्यावर यांच्या हातात दोरा बांधला. काल दारातून आत येताना "निर्मला आहे का?" असं विचारलं.

निर्मला


अथणी
कार्तिक वद्य १३

निर्मला,

पत्र पोचलं. बरं केलंस. पाण्याची ओळ मास्तरांना पुन्हा वाचायला लावली.

थंडी वाढली आहे. पाय शेकत जा. दुधात सुंठ घाल. टांग्यातून जा पुढच्या वेळी, चन्नाचा टांगा मेला नाही.

बसव्वा तशीच आहे.

मल्लव्वा


कोल्हापूर
मार्गशीर्ष वद्य ९

तीर्थरूप आईस चनबसाप्पाचा दंडवत.

आज दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. निर्मला फार अडली होती. कुलसुमबी होती म्हणून निभावलं. हंगाम सुरू आहे, पेढीवर गूळ उतरायचा आहे, पण मी आज गेलो नाही आणि उद्याही जाणार नाही. हुपरीला चांदीच्या वाळ्यांसाठी सांगून पाठवलं आहे. तुझ्यासारखंच नाक आहे, असं कुलसुमबी म्हणते. मला अजून नीट दाखवलेली नाही. तुझी फार आठवण झाली.

चनबसाप्पा


कोल्हापूर
मार्गशीर्ष वद्य १४

आत्याबाई,

पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल. तुमची नात माझ्या कुशीत आहे. आज पाच दिवसांची झाली. तिच्या मनगटाला एवढासा काळा दोरा आहे आणि ती तो सारखा तोंडात घालायला बघते.

सकाळपासून दुपारपर्यंत चाललं होतं. पाय आधी येत होते. एका क्षणी मला आई दिसली, खरंच दिसली, आणि मी कुलसुमबीला म्हटलं की मी चालले. ती माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "कुठं चाललीस? मी दारात बसलेय की! मला वलांडून जा बघू!" आणि आत्याबाई, मला हसू आलं. त्या हसण्यातच कधी काय झालं ते मला कळलंच नाही. पोरगी रडली नाही आधी. कुलसुमबीनं तिला पायांनी धरून पाठीवर थापटलं, तोंडात फुंकर घातली, पुन्हा थापटलं. ती रडली तेव्हा कुलसुमबी भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, या वेळी मी नीट पाहिलं.

रोज शेकायला, तेल लावायला येते. काल बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. मी म्हटलं, "मावशी, तुला काय देऊ? तू सांगशील ते." म्हणाली, "ते लुगडं दे की, परत धाडल्यालं. झक्क हुतं." मी म्हटलं, ते तर देईनच, आणखी माग.

तिनं बाळाच्या डोक्यावर तेल थापलं. मग म्हणाली, "अठ्ठावीस वर्सं हितं येतोय. परसदारानं येतोय, ह्या खोलीत बसतोय, परसदारानं जातोय. बारशाला पाळणा माजघरात टांगत्यात. मी पायरीवर बसून गाणी ऐकतोय. चन्नाचं ऐकलं, बसव्वाचं ऐकलं. समद्या पेठंत तसंच हाय. माझ्या हातावर आल्यालं एक बी प्वार पाळण्यात निजल्यालं मी बघितलं न्हाय. एकडाव बघायचं हुतं." आणि लगेच हसली. "ऱ्हाऊ दे गं. म्हातारपणी कायबी सुचतंय. सासूला लिवू नगंस."

मी लिहिते आहे. यांना विचारलं तर "आई म्हणेल तसं" म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. पौष शुद्ध सहाला बारसं आहे. भाऊबंद येणार, आपले जंगम रुद्रय्या स्वामी बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला येणार. घर तुमचं आहे, मी दोन वर्षांची सून. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला काही कळू देणार नाही. पण मला नाही म्हणून लिहिलंत तर मी पाळण्यापाशी कशी उभी राहू, तेही लिहा.

निर्मला


अथणी
पौष शुद्ध २

निर्मला,

तुला आणि माझ्या नातीला आशीर्वाद. बसव्वाचा ताप गेला, आठ दिवस झाले, पोर दूध ओढतं. हे मास्तरांना आधी लिहून घ्या म्हटलं, कारण पुढचं सांगताना माझा आवाज धड राहणार नाही.

तू तिच्या घरचं पाणी प्यायलीस ते लिहिलंस तेव्हा मी तुला पाय शेकायला सांगितलं. दुसरं काही सुचलं नाही. चनबसाप्पाच्या वेळी मी दोन दिवस अडले होते. घरातलं कुणी त्या खोलीत येत नव्हतं. माझी जीभ टाळूला चिकटली, ओरडून पाणी मागितलं तरी कुणाला ऐकू गेलं नाही. कुलसुमबीनं आपल्या लोट्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि मला पाजलं. मी तिची ओंजळ दोन्ही हातांनी धरून प्याले. सासूबाईंना सांगितलं नाही, तुझ्या सासऱ्यांना सांगितलं नाही. आज मास्तरांना कळलं, उद्या तुला कळेल.

आणि तेराव्या दिवशी बारसं झालं. ती आली. मी तिला पायरीवर बसवलं, हातात लुगडं दिलं आणि पाळणा हलवायला आत गेले. मला त्यात काही वाटलं नाही, पोरी. हेच मला आता सहन होत नाही, की काही वाटलं नाही. बसव्वाच्या वेळी तेच, दर पाडव्याला तेच. ती बाहेर बसून दोरा बांधायची आणि मी आत जाऊन हात धुवायची. गोड शब्दांवरून मी तुला केवढं बोलले! तू एकदा चुकलीस आणि पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी तिच्या दारात गेलीस. मी अठ्ठावीस वर्षं चुकले, आणि यादी करून चुकले.

आता मी सांगते तसं कर. चनबसाप्पानं स्वतः टांगा घेऊन तिला आणायला जायचं. हमालाला पाठवायचं नाही. पुढच्या दारानं आणायचं. इरकली लुगडं तिला आदल्या दिवशी दे, म्हणजे नेसून येईल. भाऊबंदांपैकी कुणी उठला तर उठू दे, मागे जाऊ नका. रुद्रय्या स्वामी दर श्रावणात आपल्याला सांगतात की शिवाच्या घरी सगळे सारखे. त्यांना म्हणावं, मल्लव्वानं ऐकलं, थोडं उशिरा ऐकलं.

मास्तर इथं थांबले आणि चष्मा पुसत बसले आहेत. त्यांना म्हटलं, लिहा, टपाल चुकेल.

मी बारशाच्या सकाळी कुडचीहून आगगाडीनं निघते. मिरजेला गाडी बदलावी लागते, उशीर होईल. माझ्यासाठी पाळणा थांबवू नका. तिला माजघरात पाळण्याशी बसव, दोरी तिच्या हातात दे, आणि मी येईपर्यंत उठू देऊ नकोस.

मल्लव्वा